स्थानकांचे वय, प्रवाशांचे वय

घर बांधणे एक वेळ सोपे, पण घर राखणे कठीण, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. शहरातील सार्वजनिक वास्तूंना हे वचन अधिकच लागू पडते. नवे रेल्वे स्थानक उघडते त्या दिवशी फुलांच्या माळा असतात, पाहुणे असतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. त्यानंतर पन्नास-शंभर वर्षे ते स्थानक रोज सकाळी उघडायचे, झाडायचे, दुरुस्त करायचे आणि वाढत्या गर्दीला पुरे पडेल असे ठेवायचे असते. या कामाचा समारंभ कोणी करीत नाही आणि म्हणूनच बहुधा त्याकडे दुर्लक्ष होते.

हा विषय या महिन्यात घेण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. हैदराबादची मेट्रो २९ नोव्हेंबर २०१७ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली, तेव्हा मियापूरहून अमीरपेटमार्गे नागोलपर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा मार्ग आणि त्यावरील २४ स्थानके एकदम सुरू झाली. कुकटपल्लीचे स्थानक त्यांपैकीच एक. पुढे अमीरपेट ते एल. बी. नगर हा भाग सप्टेंबर २०१८ मध्ये आणि ज्युबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा भाग फेब्रुवारी २०२० मध्ये जोडला गेला. मेट्रोचा हा पहिला टप्पा लार्सन अँड टुब्रो या कंपनीने सरकारशी भागीदारीने बांधला व चालविला. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र कंपनीने त्यातून बाहेर पडावे आणि तेलंगण सरकारने सुमारे १३,००० कोटी रुपयांच्या कर्जासह तो आपल्या हाती घ्यावा असे तत्त्वतः ठरले. वास्तूची मालकी बदलण्याच्या वेळी तिच्या दुखण्यांची यादी काढणे, हा व्यवहारातला साधा शहाणपणा होय. जुने घर विकत घेणारा मनुष्य गळके छप्पर, ओल धरलेली भिंत आणि मोडका जिना आधी पाहून घेतो. मेट्रोच्या बाबतीत हे पाहण्याचा हक्क आणि जबाबदारी रोजच्या प्रवाशांकडे, म्हणजे आपणा सर्वांकडे येते.

आठ-नऊ वर्षांचे स्थानक म्हणजे काही म्हातारे स्थानक नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु स्थानक तीन तऱ्हांनी जुने होते आणि त्यांपैकी एकच तऱ्हा कॅलेंडरावर मोजता येते.

पहिली तऱ्हा म्हणजे दगड-विटांचे, सिमेंटचे, यंत्रांचे वार्धक्य. ते शंभर वर्षांनीच येते असे नाही. कोलकात्याची मेट्रो ही भारतातील पहिली. ती २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशा छोट्याशा मार्गावर सुरू झाली. तिच्या दक्षिण टोकाचे कवि सुभाष हे स्थानक तर २०१० मधले. पण जुलै २०२५ च्या अखेरीस त्या स्थानकाच्या खांबांना तडे गेल्याचे दिसून आले, ते बंद करावे लागले आणि पाडून नव्याने बांधण्याची वेळ आली. म्हणजे ज्या मार्गावरील चाळीस वर्षांची भुयारी स्थानके उभी आहेत, त्याच मार्गावरील पंधरा वर्षांचे स्थानक प्रवाशांना पारखे झाले. आपल्या शहरालाही याची एक कटू आठवण आहे. २२ सप्टेंबर २०१९ रोजी पावसाचा आडोसा घेण्यासाठी अमीरपेटच्या मेट्रो स्थानकाखाली उभ्या राहिलेल्या एका तरुणीच्या अंगावर वरून काँक्रीटचा तुकडा कोसळला आणि तिचा मृत्यू झाला. त्या वेळी ते स्थानक दोन वर्षांचेही झाले नव्हते.

दुसरी तऱ्हा गर्दीची. वास्तू जागच्या जागी असते, पण भोवतालचे शहर बदलते आणि कालपर्यंत पुरेसा असलेला जिना आज अपुरा पडतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे उदाहरण कोणता मराठी मनुष्य विसरेल? परळ-लोअर परळचा तो भाग गिरण्यांचा होता. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी कचेऱ्यांचे उंच मनोरे उभे राहिले. प्रवाशांचा लोंढा वाढला, पण पादचारी पूल होता तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला, पुलावर माणसे थबकली, मागून नव्या गाड्यांची माणसे येत राहिली आणि त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. नंतर लष्कराने तेथे नवा पूल काही महिन्यांत बांधून दिला आणि तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. जुलै २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी असे झाले. जे काम दुर्घटनेनंतर काही महिन्यांत होऊ शकले, ते आधीच्या वर्षांत होऊ शकले नाही, ही त्या घटनेतली सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

तिसरी तऱ्हा सर्वांत सूक्ष्म आणि आपल्या कुटुंबांशी सर्वांत निगडित आहे. स्थानक तसेच राहते, पण प्रवासी म्हातारा होतो. २०१७ मध्ये साठीत असलेले गृहस्थ आता सत्तरीकडे झुकले आहेत. तेव्हा सहज चढलेला जिना आता गुडघ्यांना नको वाटतो, तेव्हा वाचता येणारी पाटी आता धूसर दिसते, तेव्हा ऐकू येणारी सूचना आता गोंगाटात हरवते. प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले तर स्थानकच जुने आणि गैरसोयीचे झालेले असते.

आपल्या समाजाच्या संदर्भात या तिसऱ्या तऱ्हेला विशेष अर्थ आहे. हैदराबादेतील मराठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी या परिसरात रुजली. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी तेथलीच, इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालय तेथलेच आणि मीटरगेजच्या काळात मनमाडकडे निघणारी अजंता एक्स्प्रेसही काचीगुड्याचीच. पुढे कोणी बालानगरच्या कारखान्यांत नोकरीला लागले म्हणून, कोणी हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत घर मिळाले म्हणून, तर कोणी माधापुरात नोकरी करणाऱ्या मुलासुनेबरोबर राहावे म्हणून मुंबई हमरस्त्याच्या कडेने कुकटपल्ली, निजामपेट, मियापूरकडे सरकले. सोलापूरकडून येणारा हाच रस्ता असल्यामुळे गावाकडच्या बसगाड्याही येथूनच सोयीच्या. पण ग्रंथालय, शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातील व्याख्यान, जुन्या शेजाऱ्यांच्या घरचे हळदीकुंकू ही सारी जुन्या शहरातच राहिली. वाहनांच्या गर्दीतून तेथवर जाणे हा वृद्धांच्या दृष्टीने दिवसभराचा उपद्व्याप होऊन बसला होता.

मेट्रोने हे अंतर पुष्कळच कमी केले. एल. बी. नगरकडे जाणाऱ्या गाडीत कुकटपल्लीला बसावे आणि पंधराव्या स्थानकावर, उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतरावे. मध्ये कोठेही गाडी बदलावी लागत नाही. कोठी, जांबबाग आणि सुलतान बाजार तेथून जवळ. गाडी थंड, वेळेची हमी असलेली आणि रस्त्याच्या कोंडीपासून मुक्त. असे असूनही घरातील ज्येष्ठ मंडळी मेट्रोने जाण्यास नाखूष असतात. याचे कारण विचारले तर गाडीविषयी तक्रार क्वचितच ऐकू येते. तक्रार असते ती घरापासून गाडीपर्यंतच्या आणि गाडीपासून इच्छित स्थळापर्यंतच्या वाटेची.

ती वाट कशी असते ते क्रमाने पाहू. आपली मेट्रो भुयारात नाही, ती रस्त्याच्या मधोमध उभ्या केलेल्या खांबांवरून धावते. स्थानकही त्याच खांबांवर पक्ष्याने पंख पसरावेत तसे दोन्ही बाजूंना तोललेले असते. रस्ता कमीत कमी अडावा यासाठी ही रचना निवडली गेली आणि त्या दृष्टीने ती चांगलीच आहे. परंतु तिचा परिणाम असा की प्रत्येक प्रवाशाला दोन मजले चढावे लागतात. रस्त्यावरून तिकीट काढण्याच्या मधल्या मजल्यावर आणि तेथून वर फलाटावर. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण त्यांची गुंफण साखळीसारखी आहे. रस्त्यावरची लिफ्ट चालू आणि वरची बंद असली, अथवा लिफ्ट चालू पण ती हमरस्त्याच्या पलीकडच्या बाजूस असली, तर साखळीची एक कडी निखळली म्हणून सारीच साखळी कुचकामी ठरते. दुसरी गोष्ट उतरण्याची. चढताना दम लागतो, पण दुखऱ्या गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो, हे ज्याचे गुडघे दुखतात तोच जाणतो. जेथे सरकता जिना केवळ वर नेणारा असतो, तेथे रचनाकाराने तरुण माणसाची दमछाक लक्षात घेतलेली असते, वृद्धाचे गुडघे नव्हेत.

त्यानंतर प्रश्न रस्त्याचा. मेट्रोच्या मधल्या मजल्यावरून तिकिटाशिवायही हमरस्ता ओलांडता येतो, ही फार मोलाची सोय आहे. कुकटपल्लीसारख्या ठिकाणी, जेथे भरधाव वाहनांमधून रस्ता ओलांडणे जिवावरचे असते, तेथे स्थानक हा खरे तर गावाचा पूल झाला आहे. पण जिना संपून पदपथावर पाऊल ठेवावे तो पदपथच नाहीसा होतो. तेथे फळांच्या गाड्या, उभ्या केलेल्या दुचाकी, रिक्षांची रांग आणि उखडलेल्या फरशा. मेट्रोची हद्द संपली की महापालिकेची सुरू होते आणि दोन हद्दींच्या मधल्या पाच पावलांची जबाबदारी कोणाचीच नसते. अंध व्यक्तींसाठी जमिनीत बसविलेल्या उठावाच्या पट्ट्यांचेच पाहा. जपानचे सेइइची मियाके यांनी या फरशांची कल्पना काढली आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंध मुलांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविल्या गेल्या. आज जगभरच्या स्थानकांत त्या दिसतात. पण स्थानकातील पट्टी दारापाशी येऊन थांबली आणि पुढे दगडमातीचा ढीग लागला, तर काठी टेकत येणाऱ्याने कोणाच्या भरवशावर पुढे जावे?

जुन्या स्थानकांची पुनर्रचना म्हटली की आपल्याकडे संगमरवर, काचेच्या भिंती आणि दुकाने डोळ्यांसमोर येतात. सिकंदराबादच्या स्थानकाचे सुमारे ७२० कोटी रुपये खर्चून नवे रूप होत आहे, त्यासाठी तेथली ओळखीची जुनी कमानदार इमारत २०२५ च्या आरंभी पाडण्यात आली. बेगमपेटचे स्थानक नूतनीकरण होऊन २२ मे २०२५ रोजी देशातील इतर अनेक स्थानकांबरोबर खुले झाले. ही कामे आवश्यक असतील, त्यांविषयी तक्रार नाही. पण प्रवाशाचे सुख केवळ भव्यतेत नसते. ते पुरेशा बाकांत, ठळक अक्षरांच्या पाटीत, कोरड्या पायरीत, स्वच्छ प्रसाधनगृहात आणि चालू असलेल्या लिफ्टमध्ये असते. ही कामे खर्चाच्या मानाने लहान आहेत, पण नित्याची आहेत.

वेळीच विचार न केल्यास किती महाग पडते, याचा धडा न्यूयॉर्कने दिला आहे. तेथील भुयारी रेल्वे १९०४ सालची. स्थानके ४७२. ती बांधली तेव्हा चाकाच्या खुर्चीतील प्रवाशाचा विचारच झाला नव्हता. अपंगांच्या हक्कांचा कायदा तेथे १९९० साली आला, पण जुन्या भुयारात लिफ्ट बसवायची तर वरचा रस्ता, खालचे नळ आणि तारा, भोवतालच्या इमारतींचे पाये हे सारे हलवावे लागते. अखेर प्रवाशांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०२२ साली समेट झाला. त्या वेळी एक तृतीयांशाहूनही कमी स्थानके खुर्चीने जाण्याजोगी होती. उरलेल्यांपैकी ९५ टक्के स्थानके तशी करण्याची मुदत ठरली ती २०५५ सालची. म्हणजे आज चाळिशीत असलेला प्रवासी त्या वेळी सत्तरी ओलांडून गेलेला असेल. आपली स्थानके उघड्यावर आहेत, नवी आहेत, त्यांत लिफ्टची जागा आधीच आहे. आपल्याला भुयार फोडायचे नाही, जे आहे ते चालू ठेवायचे आणि पदपथापर्यंत पोहोचवायचे आहे.

कायद्याचे बळही आता आपल्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करणे बंधनकारक केले. तरी त्याखालील नियम शिफारशीवजाच राहिले होते. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे उणे दाखवून दिले आणि सक्तीचे निकष ठरविण्यास केंद्र सरकारला सांगितले. या निर्णयात ज्या अहवालाचा आधार घेतला गेला, तो हैदराबादच्याच नलसार विधी विद्यापीठातील दिव्यांग अभ्यास केंद्राने तयार केला होता, ही आपल्या शहराला अभिमानाची गोष्ट आहे. देशभरच्या स्थानकांना लागू पडणारा विचार जेथे मांडला गेला, त्या शहरातली स्थानके त्याला उतरली पाहिजेत, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. मेट्रो तोट्यात आहे, हेच कंपनी बाहेर पडण्याचे मुख्य कारण सांगितले गेले. मे २०२५ मध्ये भाडेही वाढले. अशा स्थितीत आणखी सोयी मागणे म्हणजे आणखी भाडे मागवून घेणे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर आहे. गाडी धावण्याचा खर्च डबे भरलेले असोत वा रिकामे, जवळजवळ सारखाच असतो. दुपारच्या वेळी, जेव्हा नोकरदार कचेरीत असतात, तेव्हा गाडीत बसू शकणारे प्रवासी म्हणजे ज्येष्ठ नागरिक, गृहिणी आणि लहान मुलांच्या माता. नेमके हेच लोक जिन्यामुळे आणि पदपथामुळे घरी थांबतात. त्यांची वाट सुकर केली तर रिकाम्या जागा भरतील आणि उत्पन्नही वाढेल. शिवाय लिफ्टची दुरुस्ती, गळती बुजविणे, खांबांची तपासणी ही कामे रात्री गाड्या थांबल्यानंतरच्या मोजक्या तासांतच करावी लागतात. ती नियमाने केली तर थोडक्यात भागते. साचू दिली तर मग कोलकात्यासारखे अख्खे स्थानक बंद ठेवण्याची पाळी येते.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. आपण परप्रांतात राहणारे, आपले कोण ऐकणार? हा विचार जुना आहे आणि चुकीचाही. ज्या शहरात आपल्या चार पिढ्या वाढल्या, शाळा आणि ग्रंथालये चालली, तेथे आपण पाहुणे नाही. आणि स्थानकाचा जिना काही तेलुगू, उर्दू, मराठी असा भेद करीत नाही. ज्या आजींना तो चढवत नाही त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या तेलुगू आजींनाही तो चढवत नाही. मेट्रोतील सूचना तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत दिल्या जातात, त्यांत आपली भाषा असावी असा हट्ट धरण्याचे कारण नाही. अक्षरे मोठी असावीत आणि आवाज स्पष्ट असावा, एवढे मागितले तरी ते सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

म्हणून कुकटपल्ली व परिसरातील कुटुंबांना एक विनंती करावीशी वाटते. येत्या महिन्यात एखाद्या रविवारी घरातील ज्येष्ठांना बरोबर घेऊन आपल्या नेहमीच्या स्थानकापर्यंत चालत जावे. बरोबर वही असावी. घरापासून स्थानकाच्या पहिल्या पायरीपर्यंत पदपथ सलग आहे की नाही, किती ठिकाणी रस्त्यावर उतरावे लागले, लिफ्ट रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे आणि त्या दिवशी ती चालू होती का, खाली उतरण्यास सरकता जिना आहे का, फलाटावर बसण्यास किती बाके आहेत, पाटी किती अंतरावरून वाचता येते, छतातून वा भिंतीतून पाणी झिरपल्याच्या खुणा आहेत का, हे तारखेसह टिपून घ्यावे. हे काम मुलांनी केले तर अधिक चांगले. त्यांना मोजमापाची गोडी लागेल आणि आजी-आजोबा बाहेर का पडत नाहीत हेही उमजेल. अशा दहा-वीस कुटुंबांच्या नोंदी एकत्र करून, शेजारच्या इतर भाषिक रहिवाशांच्या सह्या घेऊन, एक निवेदन मेट्रोकडे आणि एक महापालिकेकडे द्यावे. दोन्हीकडे एकाच वेळी द्यावे, म्हणजे मधल्या पाच पावलांची जबाबदारी एकाने दुसऱ्यावर ढकलण्यास वाव राहणार नाही. निवेदनात रागाचे शब्द नसावेत; तारीख, जागा आणि माप असावे. अधिकाऱ्यांना राग परतवता येतो, माप परतवता येत नाही.

याने सर्व काही सुधारेल असे नाही. पण एक लिफ्ट नियमित चालू राहिली, एका जिन्याखालचा पदपथ मोकळा झाला, तरी कुकटपल्लीतील काही वृद्ध मंडळी दुपारच्या गाडीने कोठीला जातील, ग्रंथालयातून पुस्तक बदलून आणतील, जुन्या मैत्रिणीच्या घरी चहा घेऊन दिवेलागणीपूर्वी परत येतील. ज्या समाजाचे वडीलधारे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्या समाजाच्या सभा हळूहळू ओस पडतात आणि मग भाषा टिकत नाही म्हणून आपण हळहळत बसतो. भाषा टिकविण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांत चालू असलेली लिफ्ट हाही एक आहे, हे ध्यानात घेतलेले बरे.